दातांच्या आतल्या बाजूला दिसणारा आजार

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फोंड्यात मी बरीच वर्षे दातांचा दवाखाना चालवते. ‘ईटिंग डिसऑर्डर’वर, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजारांवर, दंतवैद्याने का लिहावे, असे वाचकांना वाटेल. बुलिमिया, म्हणजे भसाभसा खायचे आणि वजन वाढेल या भीतीने ते मुद्दाम उलटून टाकायचे, हा त्यातला प्रकार घरच्यांच्या आधी पुष्कळदा आमच्या खुर्चीत कळतो, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजात जाणारी मुलगी येते, सोबत आई. तक्रार एवढीच, की थंड पाण्याने दात शिवशिवतात. समोरून दात स्वच्छ, कीड नाही. आरसा आत घालून वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू पाहिली की ती गुळगुळीत झिजलेली असते. एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, जाऊन आतला पिवळसर थर उघडा पडलेला, कडा काचेसारख्या पातळ. खालचे दात जिभेच्या आड असल्याने बरेचसे शाबूत. अशी झीज ब्रशने होत नाही, पोटातले आम्ल वारंवार तोंडात आल्याने होते. ॲसिडिटी घशाशी येणाऱ्यांतही ती दिसते, गरोदरपणातल्या उलट्यांनीही होते. तेव्हा नुसते दात पाहून कुणावर शिक्का मारू नये. पण जोडीला कानाखाली गालफडे सुजलेली असतील, घशात बोटे घालताना दात लागून बोटांच्या सांध्यांवर घट्टे किंवा ओरखडे पडलेले असतील, तर मी सावध होते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमियाचे वर्णन केले, त्यात हातांवरची ही खूण नोंदवली होती. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आई सांगते, ‘डॉक्टर, जेवते हो ती. भात, हुमण, सगळे खाते.’ ते खरेच असते. बुलिमियात वजन बहुधा चारचौघींसारखेच असते, कधी थोडे जास्तही. आणि आपण वाट पाहत बसतो हाडे वर येण्याची! दरम्यान उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पानावरून उठल्या उठल्या रोज बाथरूम गाठणे, आत नळ सोडून ठेवणे, रात्रीतून फराळाचा डबा रिकामा होणे, एवढे दिसले तरी डॉक्टरांकडे जावे.

ॲनोरेक्सिया या दुसऱ्या प्रकारात वजनाच्या भीतीने खाणेच तोडले जाते, त्यात मुलगी खरोखर वाळते. पाळी थांबते, केस गळतात, मे महिन्याच्या उकाड्यातही हात गार, अंगावर बारीक लव येते. स्वतः ताटात शिते चिवडत बसेल, पण घरच्यांना हौसेने रांधून वाढेल. उपवासांकडेही पाहा. उपवासाला माझा विरोध नाही, संकष्टी मीही करते. पण जिला कधी ओढ नव्हती तिचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी एकाएकी सुरू झाले आणि उपवास सोडायच्या वेळी ती पानावरच येईना, तर ते भक्तीचे लक्षण समजू नका. मुलग्यांनाही हा आजार होतो. जिमच्या नादात तो झाकला जातो, इतकेच.

विचारायचे कसे? मी आईला बाहेर बसवते आणि दात दाखवून शांतपणे विचारते, ‘उलट्या होतात का?’ बहुतेकदा आधी रडू येते, मग मुलगी बोलते. घरीही एकटीला गाठून असेच विचारावे, जेवणाच्या पानावर नव्हे. आणि चवथीला जमणाऱ्या सर्व मावश्या-काकवांना हात जोडून विनंती : ‘काय गो, जाडी झालीस!’ हे बंद करा. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेही बंद करा. आजारी मुलीला ती शाबासकी वाटते आणि तिचे खाणे आणखी कमी होते.

शाळांतल्या दंततपासणी शिबिरांत कीड पाहतोच, तिथे वरच्या दातांची आतली बाजूही पाहावी, अशी माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. झिजलेले दात आम्ही बांधून देऊ, पण उलट्या सुरू असतील तर ते काम टिकत नाही. त्यासाठी बांबोळीची मानसोपचार संस्था, जिला आपण आयपीएचबी म्हणतो, तिथे जावे. तिथवर जाण्याची भीती वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते.

– एक दंतवैद्य, फोंडा