बोटीतल्या टाकीचा आकडा लिटरमध्ये आणि खरा दिसला पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या मासेमारी बंदी चालू आहे, 1 जून ते 31 जुलै, बोटी शाकारून ठेवल्यात आणि किनाऱ्यावर जिकडे तिकडे इंजिनची कामं, रंगकाम, जाळ्यांची दुरुस्ती चाललीय. त्यातच आता एक नवीन काम वाढलंय ते म्हणजे केबिनमध्ये स्क्रीन बसवायचं. एकाच स्क्रीनवर बॅटरी किती चार्ज आहे, इंजिन किती गरम आहे, डिझेलची आणि गोड्या पाण्याची टाकी किती भरलीय सगळं दिसतं. मी बोटींची इलेक्ट्रिकची कामं करतो, त्यामुळे ही सोय येतेय याचा मला आनंदच आहे, पण टाकीचा जो आकडा त्या स्क्रीनवर दिसतो तो कितीतरी बोटींवर खोटा असतो आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याच्यावर विश्वास ठेवून बाहेर जातो, हे कुठेतरी छापून यायला पाहिजे म्हणून हे पत्र.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठी ट्रान्सपाँडरची, म्हणजे बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणाऱ्या यंत्राची, देशव्यापी योजना सुरू झाली. इस्रोने बनवलेलं यंत्र, 1 लाख बोटी, 364 कोटींचा खर्च, आणि मोबाईल नेटवर्क नसलं तरी समुद्रातून किनाऱ्यावर मेसेज जाणार. फार मोलाचं काम आहे ते. पण जरा विचार करा, बोट कुठे आहे हे किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला कळणार आणि त्याच बोटीत परत यायला डिझेल पुरेल का हे सुकाणूवरच्या माणसाला धड माहीत नसणार, तर संकटाचा मेसेज पाठवायची वेळ आधीच टाळता आली असती ती आपण टाळत नाही आहोत.

आता आकडा खोटा का येतो ते सांगतो. आपल्याकडे डिझेलच्या टाक्या बहुतेक इंजिनरूममध्ये दोन्ही बाजूंना, बोटीच्या पोटाच्या आकाराप्रमाणे बनवून घेतलेल्या असतात, वर रुंद आणि खाली निमुळत्या. आत जो तरंगता फ्लोट असतो तो फक्त उंची मोजतो, लिटर मोजत नाही. टाकीचा आकार पूर्ण व्ही सारखा धरला तर निम्म्या उंचीला टाकीत निम्मं नाही तर फक्त पाव डिझेल उरलेलं असतं, हा साधा भूमितीचा हिशोब आहे. म्हणजे 400 लिटरची टाकी, स्क्रीनवर 50 टक्के, तांडेल म्हणतो 200 लिटर आहे, आणि आत असतं 100. साधारण 100 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला 20 लिटरच्या वर पितं, तेव्हा हा 100 लिटरचा फरक म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता झाला. जुने तांडेल म्हणतात ना की काटा निम्म्यापर्यंत हळूहळू उतरतो आणि मग पळत सुटतो, त्याचं कारण हेच आहे, काट्यात बिघाड नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला खर्च जवळपास काहीच नाही. टाकी रिकामी असताना मच्छीमार सोसायटीच्या पंपावर मीटर बघून 50-50 लिटर भरायचं, प्रत्येक वेळी थांबायचं, आतलं डिझेल स्थिर होऊ द्यायचं, आणि सेन्सर काय दाखवतोय ते वहीत लिहायचं. भरून झालं की तो तक्ता उपकरणात टाकायचा, आजकालच्या बऱ्याच मॉनिटरमध्ये टाकीचा आकार असा टप्प्याटप्प्याने भरायची सोय असते. बोट तेव्हा पाण्यात सरळ उभी असली पाहिजे, किनाऱ्यावर ओढलेली बोट एका अंगाला कललेली असते तिथे हे माप घेऊन उपयोग नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण बसवणारे लोक करत नाहीत, वायर जोडली, स्क्रीनवर काहीतरी आकडा आला की झालं, बिल हातात आणि पुढच्या बोटीवर. आमच्याच बंदरात एका बोटीला नवीन सिस्टीम बसवली, टाकी काठोकाठ भरली तर स्क्रीन जवळजवळ रिकामी दाखवते आणि डिझेल जळत जाईल तसा आकडा चढतो! फोन केला तर बसवणारा म्हणाला की उलटं वाचायची सवय करून घ्या. असं कसं चालेल हो?

हा उलटा प्रकार का होतो तेही सांगून ठेवतो कारण पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बोटीवर हेच होणार आहे. फ्लोटवाल्या सेन्सरचे मुख्यतः दोन प्रकार बाजारात मिळतात. अमेरिकन पद्धतीचा सेन्सर टाकी रिकामी असताना 240 ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दाखवतो आणि भरली की 33. युरोपियन पद्धतीचा रिकामीला 10 आणि भरली की 180, म्हणजे बरोबर उलट. सेन्सर एका पद्धतीचा आणि सेटिंग दुसऱ्या पद्धतीचं ठेवलं की आकडा उलटा फिरणारच, सेटिंगमध्ये जाऊन बदललं की दोन मिनिटांत सरळ होतं. पण यातली खरी भीतीची गोष्ट वेगळी आहे. युरोपियन पद्धतीत ओहम वाढले म्हणजे टाकी भरली असं मीटर समजतो, त्यामुळे वायर तुटली तर काट्याचा मीटर टाकी फुल्ल दाखवतो. खाऱ्या हवेत अर्थिंगच्या टोकाला हिरवा थर चढतो तो तर आपल्या रोजच्या बघण्यातला, त्या थराने सुद्धा ओहम वाढतात आणि आहे त्यापेक्षा जास्त डिझेल दिसायला लागतं. अमेरिकन पद्धतीत तीच वायर तुटली तर टाकी रिकामी दिसते, माणूस घाबरून बघायला तरी जातो. म्हणून सेन्सर विकत घेतानाच विचारा की वायर तुटली तर स्क्रीनवर काय दिसणार, आणि एकदा वायर काढून स्वतः बघा.

ज्यांना जमेल त्यांनी 4 ते 20 मिलिअँपिअरवाला, म्हणजे विजेच्या प्रवाहावरून पातळी कळवणारा, सेन्सर घ्यावा असं माझं मत. त्यात टाकी रिकामी असली तरी 4 मिलिअँपिअर येत राहतात, त्यामुळे शून्य आलं म्हणजे वायर गेली हे मशीनला लगेच ओळखता येतं. फक्त हा सेन्सर तळाचा दाब मोजणारा असेल तर एक काळजी घ्या, तो पाण्यावर सेट केलेला असतो आणि डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 830 ग्रॅम, तेव्हा सेटिंग न बदलता डिझेलच्या टाकीत सोडला तर तो सहावा हिस्सा कमी दाखवेल. कमी दाखवलेलं बरं असं कुणी म्हणेल, पण चुकतं ते चुकतंच, एकदा तांडेलाला कळलं की हा कमी दाखवतो की तो मनाने भर घालायला लागतो आणि तिथून पुढे सगळा अंदाजपंचे कारभार.

दोन टाक्या असतील तर अजून एक भानगड. हल्लीच्या बोटींवर एनएमईए 2000 नावाच्या एकाच केबलवरून सगळी माहिती फिरते, आणि टाकीच्या प्रत्येक मेसेजमध्ये द्रव कुठला, टाकीचा नंबर कितवा, किती टक्के भरली आणि एकूण क्षमता किती हे असतं. डावी उजवी दोन्ही डिझेलच्या टाक्यांना एकच नंबर देऊन ठेवला की स्क्रीन गोंधळते, आत्ता 70, लगेच 30, परत 70, आणि लोक म्हणतात सेन्सर खराब आहे, बदलून टाका. सेन्सर चांगलाच असतो, नंबर बदलायचा असतो. क्षमतेचा रकाना रिकामा सोडला तर लिटर दिसतच नाहीत, नुसते टक्के. टक्क्यांवरून कोणी घरी येत नाही, तासाला किती लिटर लागतात आणि किती लिटर उरलेत यावरून येतं.

समुद्रात बोट हलते तेव्हा आकडा वरखाली होणारच, त्यासाठी सरासरी काढायचं सेटिंग असतं ते एखाद्या मिनिटावर ठेवा आणि सेन्सर शक्यतो टाकीच्या मध्यावर बसवा, कोपऱ्यात नको. तळाचं थोडं डिझेल धरूच नका कारण इंजिनला जाणारा पाईप तळाच्या वर असतो आणि खाली पाणी आणि गाळ साचतो. अलार्म 10 टक्क्यांवर ठेवलेले बघतो मी, त्याला काही अर्थ नाही, परतीच्या प्रवासाला जितके लिटर लागतात त्यात भरपूर राखीव धरून तिथे अलार्म लावा. जायला एक हिस्सा, यायला एक हिस्सा आणि एक हिस्सा राखून, हा जगभरच्या बोटवाल्यांचा हिशोब आपल्यालाही लागू आहे. आणि गोड्या पाण्याच्या टाकीलाही सेन्सर लावा हो, चार-पाच दिवसांच्या फेरीत खलाशांना प्यायचं पाणी संपलं तर डिझेल असून काय करायचं.

काहीजण म्हणतील काठी बुडवून बघतोच की आम्ही, स्क्रीन कशाला. काठी राहू द्याच, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, वीज गेली तर तीच कामाला येणार आहे. पण रात्री, लाटेत, चालत्या गरम इंजिनशेजारी झाकण उघडून काठी घालायला खलाशाला पाठवणं हे धोक्याचं आहे, सुकाणूवर उभं राहून दिसत असेल तर त्याला कशाला पाठवायचं?

माझी मत्स्यव्यवसाय खात्याला विनंती आहे की बंदीच्या काळात बोटींची पाहणी होते तेव्हा लाईफ जॅकेट मोजतात तसं टाकीचा आकडा काठीशी जुळतोय का हेही बघावं, पाच मिनिटं लागतात. मच्छीमार सोसायट्यांनी पंपावर डिझेल भरताना मालकाला असं टप्प्याने भरायला वेळ द्यावा, 1 ऑगस्टच्या गर्दीत ते जमणार नाही म्हणून आधीच्या आठवड्यात दिवस ठरवून द्यावेत. आणि बोटमालकांना एवढंच की स्क्रीन बसवणाऱ्याकडून लिटरचा तक्ता मराठीत छापून घ्या, केबिनमध्ये चिकटवा आणि तो हातात आल्याशिवाय बिलाचे शेवटचे पैसे देऊ नका.

आपला,
एक मरीन इलेक्ट्रिशियन, रत्नागिरी