जुना पार्ट हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका पानावर सात दिवसांत पोट कमी करण्याचा तक्ता आणि त्याच्याच पाठीमागे उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी, असे दोन लेख आले होते. आमच्याकडे ते पान कापून फ्रिजला लावलं आहे. एका वेळी एकच बाजू दिसते, म्हणून गाडी बिघडली की पान उलटायचं आणि वजनकाट्यावर उभं राहिलं की परत सुलटायचं. तीन महिने हे चाललं आहे. आता थोडं माझंही छापा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, राहणार अमळनेर. यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. गाडीचं वय बारा, यांचं छप्पन्न. होळीच्या आठवड्यात यांची तीन महिन्यांची साखर ७.४ आली आणि त्याच आठवड्यात पारोळ्याहून येताना गाडीचा इंजिनच्या गरमीचा काटा लाल रेघेला टेकला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, वजन आठ किलो उतरवा म्हणाले आणि जळगावच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. गाडी गेली गॅरेजला.

दोन्हीकडे मीच सोबत होते, त्यामुळे दोन्हीकडचा संवाद मला पाठ आहे. गॅरेजवाल्याने बॉनेट उचललं, दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "रेडिएटर गेला." आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "रोज काय खाता?" हे म्हणाले, "भाकरी." बाई म्हणाल्या, "भाकरी बंद." किती खाता, कशाशी खाता, मधल्या वेळेत काय, काही नाही. छापील कागद हातात मिळाला. सोमवारी ओट्स, मंगळवारी ब्रोकोलीचं सूप, बुधवारी किनोआ. केळी बंद, भात बंद, तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर.

आता हे अमळनेर आहे. इथे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्या कंपनीच्या शेअरवर गावातल्या कितीतरी घरांचं भलं झालं. आमच्या सासऱ्यांनी शेअर घेतले नाहीत, तुपाचे डबे मात्र न चुकता घेतले. अशा घरात अर्धा लिटर तेल म्हणजे भरिताच्या एका बैठकीचं. थंडीत शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली की वरून फोडणी ओतताना कोणी माप लावत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं, आणि यांच्या कागदावर नेमक्या त्या दोन्हींवर काट! रावेरच्या नणंदेकडून दर पंधरा दिवसांनी केळीचा घड येतो. तो परत कसा पाठवायचा, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

ब्रोकोली मागितली तर भाजीवाली म्हणाली, "हिरवा फ्लॉवर का ताई? तसा आला तर आम्ही फेकून देतो." ओट्स मिळाले. सासूबाईंनी पातेल्यात चमचा फिरवून पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे? खळ?" हे मुकाट्याने खळ खाऊन दुकानात जायचे. दुसरीकडे माझ्या डब्यात कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, पोटाला आधार देणारं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून आम्ही शाळेत पोरांच्या हातात ज्वारी-बाजरीचे फलक देऊन प्रभातफेरी काढली होती. तीन वर्षं होत नाहीत तोच घरात ज्वारी बंद आणि परदेशी ओट्स सुरू.

रेडिएटरचे ५,२०० घेतले. आठवड्याभरात काटा पुन्हा वर. मग फॅनची मोटर, २,८०० रुपये. बिल मागितलं तर एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला. जुना रेडिएटर कुठे, असं विचारलं तर "भंगारात गेला ताई, तुम्ही काय कराल त्याचं?" दर २४ डिसेंबरला शाळेत ग्राहक दिनाचं भाषण मीच करते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे, हे मी सातवीच्या पोरांकडून घोकून घेते. त्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्या तोंडातून यातला एक शब्द फुटला नाही. गाडी त्याच्या लिफ्टवर टांगलेली असताना कायदा सांगायला छाती लागते.

मग आली अखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया. मुलगी पुण्याहून रेल्वेने जळगावला उतरणार होती. अखाजीला लेक घरी आणायची म्हणजे आणायचीच, त्यात तडजोड नाही. जाताना गाडी नीट गेली. येताना पाळधी सोडलं, धरणगावच्या रस्त्याला लागलो आणि काटा निघाला वर. दुपारचा दीड. एका निंबाखाली गाडी लावली. हे रुमाल घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेवढ्यात शेळ्या चारणारा एक पोरगा ओरडला, "काका, हात लावू नका, तोंडावर येईल!" देव त्याचं भलं करो. पाऊण तास बसलो. मुलीने पिशवीतून चिवडा काढला, हे कागदाला स्मरून नाही म्हणाले, मग तिचं लक्ष नसताना दोन मुठी खाल्ल्या. मी पाहिलं, बोलले नाही. इंजिन निवल्यावर पाणी घालायला बघतो तर गाडीत पाण्याची बाटली एकच, आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं जिऱ्याचं पाणी, दोन लिटर. तेच गाळून ओतलं. त्या दिवसाचं डाएट गाडीने केलं.

तो पोरगा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांतला निघाला. म्हणाला, "एसी बंद करा आणि हीटर फुल लावा, इंजिनची गरमी आत येईल, काटा खाली राहील." अखाजीच्या उन्हात, खान्देशात, काचा खाली करून आणि हीटर लावून आम्ही धरणगाव गाठलं आणि तिथून तसेच घरी. काटा खरंच खाली राहिला. मुलीचा चेहरा लालबुंद झाला होता. दारात सासूबाई तांब्या-भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "गाडीनी आनि याना पोटनी एकच गत शे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजवाल्याने फोनवर निदान केलं, हेड गॅस्केट, १८,००० रुपये. मी म्हटलं, थांबा. शाळेतल्या शिपाईमामांच्या ओळखीने पारोळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. पत्र्याचं शेड, बोर्डसुद्धा नाही. त्याने आधी पंधरा मिनिटं मलाच विचारलं. उभ्या गाडीत तापते की पळताना? किती किलोमीटरनंतर? हीटर लावल्यावर काटा उतरला का? उतरला म्हटल्यावर हसला. दोन बोल्ट सोडून त्याने पितळी चकतीसारखा एक भाग काढला. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असताना तो बंद राहतो, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ऐंशी-नव्वद डिग्रीला आला की आतलं मेण फुगून उघडतो आणि तेव्हा कुठे कूलंट गार व्हायला रेडिएटरकडे जातो. शेजारच्या टपरीवरून मिस्त्रीने चहाचं पातेलं मागवलं, त्यात पाणी उकळायला ठेवलं आणि आमचा जुना आणि एक नवा असे दोन्ही थर्मोस्टॅट सोडले. नव्याची मधली चकती हळूहळू वर आली. आमचा तसाच घट्ट मिटलेला. ८,००० रुपयांचा नवा रेडिएटर आणि पंखा कूलंटची वाट बघत नुसता बसला होता. थर्मोस्टॅटचे ६५०, कूलंटचे ४००. जुना पार्ट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, न मागता.

घरी येताना डोक्यात एकच. आपण यांचं पातेलं कधी चुलीवर ठेवलंच नाही.

मे महिन्यात दुकानातला पोरगा लग्नाला गेला. कपाशीच्या बियाण्याचा सीझन, गर्दी. मी आठ दिवस काउंटरवर बसले. बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा सांगावाच लागतो आणि एकट्याला पाजता येत नाही, सोबत आपणही घ्यावा लागतो. टपरीवाल्याची वही काढून बघितली. यांच्या नावावर रोजचे अकरा अर्धे चहा! आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावर "चहा दोन कप" असं लिहिलं होतं, कारण हे म्हणाले होते दोन. खोटं नव्हतं, घरी दोनच घेतात. टपरीवाल्याला एका अर्ध्या चहात साखर किती पडते ते विचारलं. त्याने चमच्याने माझ्या तळहातावर घालून दाखवली, दहा ग्रॅमच्या आसपास. अकरा चहांची एकशे दहा ग्रॅम. महिन्याची तीन किलोच्या वर. आमच्या अख्ख्या घराला महिन्याला चार किलो लागते.

बाईंना जाऊन सांगितलं. त्या भल्या आहेत, कपाळाला हात लावून हसल्या आणि पेनने कागदावरची भाकरी परत सुरू केली, दोन्ही वेळा एकेक. त्यांचा तरी काय दोष म्हणा, बाहेर वीस पेशंट बसलेले असतात. शेवभाजीची तर्री मात्र बंदच राहिली. ते बरोबर आहे, त्यावर मी भांडणार नाही.

तेव्हा संपादक महाराज, दोन मागण्या. गॅरेजवाल्यांनी बिल द्यावं आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, यावर आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या गॅरेजांमध्ये फिरून एक बातमी करावी. आणि पुरवणीत पुढचा डाएटचा तक्ता छापाल तेव्हा तो लिहिणाऱ्याने आधी एक दिवस एखाद्या बियाण्याच्या, कापडाच्या नाहीतर सोन्याच्या दुकानात बसून यावं. ओट्सचं नंतर बघू.

आमचा जुना थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवला आहे. यांचा चहा आता पाचवर आला आहे, चारवर यायला तयार नाहीत. वजन अडीच किलो उतरलं. माझं नाव छापू नये, दुकानात आपलाच पेपर येतो.

आपली,
एक वाचक, अमळनेर

ता. क. परवापासून गाडीचा एसी गार हवा देत नाही. पारोळ्याचे मिस्त्री भाचीच्या लग्नाला गेलेत म्हणून यांनी पहिल्याच गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने गाडी न बघताच सांगितलं, कॉम्प्रेसर गेला.