टेक्स्चरच्या भिंतींबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्या पुरवणीत घराच्या रंगकामावर लेख येतात, मी दरवर्षी आवर्जून वाचते, पण त्यात सगळं गुळगुळीत भिंतींचंच असतं. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने हॉलची एक भिंत खडबडीत टेक्स्चरची करून घेतली आणि आता ती परत रंगवायचीय त्यांनी काय करायचं हे कुणीच सांगत नाही.

मागच्या वर्षी आम्ही स्क्वेअर फुटाच्या रेटने काम दिलं होतं. कंत्राटदाराच्या माणसांनी नेहमीचाच बारीक रोलर आणला, तो खाचांत पोचेना म्हणून रंगात पाणी ओतत गेले आणि भराभर रोलर फिरवला. शिंतोडे थेट सासूबाईंच्या सागवानी कपाटावर, भिंतीवर ओघळ, आणि दुसऱ्या दिवशी मास्किंग टेप ओढली तर वाळलेल्या रंगाची सालच निघून आली. टेपखालून पण रंग गेलेलाच होता, कारण अशा भिंतीवर टेप फक्त उंचवट्यांना चिकटते, मधे फटी राहतात. पण मी त्या पोरांना दोष देत नाही, फुटावर पैसे मिळणार असतील तर कुणीही घाईच करेल.

यंदा बेडरूमची तशीच भिंत मी आणि माझ्या भावाने केली. आधी कोरड्या ब्रशने खाचांमधली धूळ काढली, धूळ राहिली की रंग धरत नाही. खाली प्लास्टिक आणि त्यावर जुन्या सुती चादरी, नुसत्या प्लास्टिकवर थेंब ओलेच राहतात आणि पायाला लागून घरभर जातात. टेप पुट्टी लावायच्या पत्र्याने दाबून बसवली आणि तिच्या कडेवर आधी शेजारच्या भिंतीचाच रंग लावून वाळू दिला, म्हणजे फटीतून जे काय जायचं ते त्याच रंगाचं जातं, मग नवा रंग. रोलर जाड लांब केसांचा, जाळीवर नीट निथळून, हळू आणि न दाबता, कारण दाबलं की खाचेतला रंग बाहेर येऊन ओघळतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. आणि शेवटचा हात ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढली. भिंतीची कड इतकी सरळ आली की भाऊ दोनदा बोट फिरवून बघत होता.

अजून एक गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. उंचवटे कमी करायला कारागीर कोरडाच पॉलिश पेपर मारतात, घरभर पांढरी धूळ होते. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटवर टेक्स्चर चढवलेलं असेल तर त्या धुळीत शिसं असू शकतं आणि रांगणारी बाळं तेच हात तोंडात घालतात. म्हणून जुन्या भिंती कोरड्या घासू देऊ नका, पाणी मारून ओल्या घासायला सांगा, लहान मुलांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा, आणि कारागिरांना चांगले मास्क द्या, दिवसभर त्या धुळीत तेच उभे असतात.

या दिवाळीच्या पुरवणीत निदान एवढं तरी छापावं ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली