लिंक फेकली म्हणजे प्रूफ दाखवले असं होत नाही भाऊ

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

लग्नाला वर्ष होत आलं तरी फोटोग्राफर अल्बम देऊन नाही राहिला, ही बोंब आता नागपुरात घरोघरी ऐकू येते. मी स्वतः फोटोग्राफर आहे, सक्करदऱ्याला छोटासा स्टुडिओ, 24 वर्षं झाली, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. पण म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, आणि लिहिणार आहे ते आमच्याच लाइनच्या लोकांच्या विरोधात. अल्बम प्रिंटिंगला कमी अन् सिलेक्शनला जास्त अडतो, आणि सिलेक्शन अडतं कारण आम्ही प्रूफ, म्हणजे अल्बम बनवायच्या आधी निवडीसाठी छापलेले नमुना फोटो, दाखवायचं सोडून दिलं आणि लिंक पाठवायला लागलो.

आता एका लग्नाचे तीन-साडेतीन हजार फोटो सहज होतात. दोन कॅमेरे, कँडिडवाला वेगळा, ड्रोनवाला वेगळा. हे सगळं ड्राइव्हवर टाकायचं, लिंक नवरदेवाला व्हॉट्सअॅप करायची आणि खाली लिहायचं "150 सिलेक्ट करून नंबर पाठवा". झालं आमचं काम! तिकडे नवरदेव पुण्याला नोकरीवर परत गेलेला, तो बायकोला म्हणते तू पाह्य, ती म्हणते तुमच्या घरचे लोक मला ओळखू येत नाहीत तुम्ही पाहा, सासूबाईंना लिंक उघडत नाही, मामा म्हणतात माझे फोटो मला वेगळे काढून पाठव, असं करत दिवाळी येते. मग आम्ही म्हणतो पार्टीनेच सिलेक्शन दिलं नाही, अन् पार्टी म्हणते फोटोग्राफर फोन उचलत नाही. दोघंही खरंच बोलून राहिले.

मी शिकलो तेव्हा रोल होता. 36 फोटोंचा रोल, लग्नाला दहा-बारा रोल म्हणजे सगळे मिळून चारशे फोटो. माझे उस्ताद त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातलं सांगायचे, निगेटिव्हच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापायच्या, 8 बाय 10 च्या कागदावर लावून काच दाबायची आणि अख्खा रोल एका पानावर छापायचा, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणायचे. पार्टी भिंग घेऊन बसायची अन् लाल पेन्सिलने गोल करायची. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण ह्याच्यापेक्षा चांगली पद्धत अजून मला तरी दिसली नाही, मी फक्त पेन्सिलच्या जागी टिकली आणली.

सांगतो कसं ते. आधी तीन हजारातले अडीच हजार मीच उडवतो, डोळे मिटलेले, डबल, तोंडात घास असलेले. हे आमचंच काम आहे साहेब, ते पार्टीच्या गळ्यात टाकायचं म्हणजे भाजी न निवडताच पाहुण्याच्या ताटात वाढल्यासारखं आहे. उरलेले 480 फोटो 12 बाय 18 च्या शीटवर छापतो, एका शीटवर 24, खाली नंबर, म्हणजे 20 शीट. मला सगळं मिळून हजाराच्या आसपास खर्च येतो, तो पॅकेजमध्येच धरतो. मग शीट घेऊन पार्टीच्या घरी जायचं, रविवारी सकाळी, तर्री पोह्याच्या वेळेला, आणि टिकल्यांची पाकिटं समोर ठेवायची. लाल टिकली म्हणजे अल्बममध्ये पाहिजेच, हिरवी म्हणजे नवरीच्या माहेरच्या अल्बमसाठी, काळी म्हणजे हा फोटो कोणालाच द्यायचा नाही. ही काळी फार कामाची आहे, कोणाची साडी सरकलेली असते, कोणाचा हात नको तिथे आलेला असतो, तोंडाने सांगायची लाज वाटते पण टिकली गुपचूप लावता येते. आजोबांपासून शाळेतल्या पोरीपर्यंत सगळ्यांना खेळ समजतो अन् तीन तासात काम होते.

मागच्या उन्हाळ्यात महालातल्या एका घरी असेच बसलो होतो. मी माझ्याकडून एक शीट जास्तीची नेली होती, म्हणजे उडवायच्या आधी एकदा दाखवून द्यावे असे चोवीस फोटो. त्यात पंगतीचा एक होता, हललेला, कडेला वाढप्याचा अर्धा हात, मधे दोन बायका जेवायला बसलेल्या अन् एक दुसरीच्या वरणावर तूप घालून राहिली. आजीने चष्मा वर केला, शीट नाकाजवळ धरली आणि सरळ लाल टिकली लावली. नवरी म्हणाली, "अगं आजी ब्लर आहे तो." आजी म्हणे, "तुले ब्लर दिसते, मले त्या दोघी दिसून राहिल्या." मग कळलं की त्या दोघी जावा, घराच्या वाटणीवरून सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि लग्नात कधी बोलल्या हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मले तर काय कळणार होतं, मी तो डिलीटमध्ये टाकला होता. पुण्याच्या नवरदेवाने फोनवर अंगठा सरकवत हा फोटो निवडला असता का?

कागदावर दाखवायचं अजून एक कारण आहे, रंगाचं. मोबाइलचा ब्राइटनेस फुल असला की फोटो झकास दिसतो, तोच छापला की काळा वाटतो अन् मग भांडण. रात्री तर फोन आपोआप पिवळा होतो. त्यात आता लॉनवर जांभळ्या-निळ्या एलईडी, नवरीचा मोतिया शालू कधी गुलाबी दिसते कधी निळा. प्रूफच कागदावर असलं तर नवरीची आई तिथेच म्हणते, शालूचा रंग असा नव्हता, थांबा कपाटातून आणते, आणि खरंच आणते! मग मी शालू समोर ठेवून रंग जुळवतो.

प्रयोग फसतात पण. एका अंगणात मला सुचलं की प्रोजेक्टर लावू आणि पडदा म्हणून त्यांच्याच लग्नातला अंतरपाट टांगू, किती छान कल्पना, सगळे खूश. पण अंतरपाटाच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक असते हे मी विसरलो, तासभर प्रत्येक पाहुण्याच्या नाकावर स्वस्तिक. हसून हसून पुरे झालं, सिलेक्शन शून्य. एकदा 4 बाय 6 चे सुटे प्रिंट सतरंजीवर पत्त्यांसारखे मांडून घरच्यांनाच क्रम लावायला दिला होता, ते मात्र जमलं, अल्बमची गोष्ट त्यांचीच झाली. हल्ली काही जण मखमली पेटीत सुकलेली गुलाबं, अत्तराची बाटली वगैरे टाकून प्रूफ देतात, आत फोटो सव्वीस. द्या बापा, मला पेटीचं काम येत नाही.

लिंक अगदीच बंद करा असं मी म्हणत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून सेल्फी काढला की ज्याचे त्याचे फोटो निघतात ते पाहुण्यांसाठी मस्त आहे, हळद माखलेले चेहरे कधी कधी चुकवते तेवढं सोडा. पण ज्याच्या हाती लिंक लागली त्याला सगळं दिसेल अशी सेटिंग ठेवून ती फॅमिली ग्रुपवर जाऊ द्यायची, आणि त्यात नवरीच्या मेकअप रूममधले फोटो, हे मला पटत नाही, अन् असं झालेलं मी पाहिलं आहे. ते फोटो घरच्यांनी पाहून घेतल्याशिवाय लिंकमध्ये टाकायचेच नाहीत.

आणि आमच्या दोस्तांना एक सांगतो, रागावू नका. फोटो माझे आहेत म्हणून मोठा वॉटरमार्क मारून अडवून ठेवायची जी सवय आहे ना, 1957 चा कॉपीराइट कायदा कलम 17 मध्ये म्हणतो की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणाराच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. म्हणून बुकिंगच्या वेळेसच कागदावर लिहून घ्या, प्रूफ किती दिवसात, कुठे, कसे दाखवणार, आणि पार्टीने पण घरातला एक माणूस ठरवून द्या ज्याचा शब्द शेवटचा, नाहीतर मामा परत फोन करतात.

ज्यांना टिकलीवालं करून पाहायचं आहे त्यांनी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून साध्या गोल टिकल्या घ्याव्या, मोठ्या साइजच्या. खड्याच्या घेऊ नका, शीट एकावर एक ठेवल्या की ओरखडे पडतात. आणि मे महिन्यात शीट गाडीत ठेवून चहा प्यायला जाऊ नका, गोंद वितळून टिकल्या सरकतात, माझ्या एका पार्टीच्या अल्बममध्ये नवरदेवापेक्षा आचाऱ्याचे फोटो जास्त निघाले होते.

आपला,
एक फोटोग्राफर, सक्करदरा, नागपूर