रंगीत सांडपाण्यावर मातीचा उतारा : पण रंग कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापड रंगवण्यातून निघणारे सांडपाणी नैसर्गिक खनिजांनी स्वच्छ करता येते, अशा आशयाच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. सोबत निळे पाणी नितळ झाल्याचे छायाचित्रही असते. ते खोटे नसते. पण पाण्यात रंग कोणता होता, हे बातमीत क्वचितच सांगितलेले असते.

अशा प्रयोगांत फार वेळा मेथिलिन ब्लू वापरतात. हा रंग पाण्यात धनभारित असतो. बेंटोनाइट या चिकणमातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांवर मात्र कायमचा ऋणभार असतो, कारण त्याच्या स्फटिकरचनेत काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. हा भार तोलण्यासाठी थरांमध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन सैलसे धरलेले असतात आणि रंगाचे रेणू त्यांना हुसकावून तेथे ठाण मांडतात. चिकणमातीची आयन-विनिमय क्षमता, म्हणजे ती असे किती आयन बदलून घेऊ शकते, हे मोजण्यासाठीसुद्धा मेथिलिन ब्लूच वापरला जातो. त्याच रंगावर माती गुणकारी ठरली, यात नवल ते काय?

सुती कापडासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, ऋणभारित असतात. मूळ स्वरूपातील बेंटोनाइट त्यांना फारसे धरत नाही. त्यातच, रंग धाग्यावर चढावा म्हणून गडद छटांसाठी एका लिटर द्रावणात 50 ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ घातलेले असते. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या प्रयोगाचे आकडे अशा खारट, अल्कधर्मी पाण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. खनिजावर लांब साखळीच्या चतुर्थक अमोनियम संयुगांची (ही धनभारित रसायने असतात) प्रक्रिया केली की पृष्ठभागाचा भार उलटतो आणि हे रंगही धरले जातात, हे खरे. पण ही संयुगे जलचरांना अपायकारक असतात आणि ती खनिजावरून सुटून पाण्यात येणार नाहीत, याची खात्री करावी लागते. मग ‘नैसर्गिक’ आणि ‘स्वस्त’ ही दोन्ही विशेषणे जरा जपूनच वापरलेली बरी.

झिओलाइट या सूक्ष्म छिद्रे असलेल्या दुसऱ्या खनिजाची अडचण निराळी आहे. त्याच्या क्लिनोप्टिलोलाइट या प्रकाराच्या आतील वाहिन्या अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास रुंद असतात आणि रंगांचे बहुतेक रेणू तेथे शिरू शकत नाहीत, त्यामुळे दाण्याचा बाहेरचा भागच तेवढा कामी येतो. तरीही हे दाणे फुगत नसल्यामुळे नळकांड्यात भरून त्यांतून पाणी सोडता येते. बेंटोनाइट फुगून वाट बुजवते.

माझा या उपायाला विरोध नाही. अॅक्रिलिक धाग्यासाठी धनभारित रंगच वापरतात आणि तेथील सांडपाण्यावर, विशेषतः जैविक प्रक्रियेनंतर उरलेला रंग काढण्यासाठी, चिकणमाती उपयोगी पडू शकते. म्हणूनच अशी बातमी छापताना रंगाचे नाव, पाणी खऱ्या कारखान्यातील होते की प्रयोगशाळेत तयार केलेले, आणि एका लिटरला किती ग्रॅम खनिज लागले, एवढे तरी वार्ताहराने विचारावे, ही विनंती.

रंगलेल्या मातीचे पुढे काय झाले, हेही विचारायला हवे. अधिशोषणात, म्हणजे खनिजाने रंग असा पृष्ठभागावर धरून ठेवण्यात, रंग नष्ट होत नाही, तो पाण्यातून मातीवर जातो. ती माती उघड्यावर टाकली तर पावसाच्या पाण्याबरोबर तो पुन्हा सुटू शकतो. आणि प्राणवायू नसलेल्या ढिगात अॅझो रंगांचे (रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा जोड असलेल्या रंगांचे) विघटन होऊन अॅरोमॅटिक अमाइन ही संयुगे तयार होतात, ज्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत.

आपला,
एक वाचक