वरच्या मजल्याच्या करारनाम्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वरच्या मजल्याचा करारनामा रीतसर नोंदवून घ्यायचे मी ठरवले आहे. भाडेकरूंशी बोलणे झाले असून येत्या मंगळवारी नोंदणीचे काम करणारा माणूस घरी येईल. हे सारे तुम्हाला न विचारता केले, याची रुखरुख मनाला लागून आहे. पण आत्याच्या जागेचे जे झाले, ते पाहिल्यावर मला आणखी थांबवेना.

बाबा, दिलेला शब्द हाच करार, असे तुम्ही आयुष्यभर मानलेत आणि पाळलेत; त्याविषयी मला शंका नाही. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असावा लागतो, नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी भाडेकरूवर नसून घरमालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात खरा नाही. नोंदणी टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही माणसे तसे वागणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण या वयात तुम्ही न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहात, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

छताच्या गळतीचे काम आपल्या खर्चाने करण्यास मी गवंड्याला सांगितले आहे. घर राहण्याजोगे ठेवणे हे कलम १४ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि नोटीस देऊनही पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करून घेऊ शकतो. त्यांनी अजून नोटीस दिलेली नाही, उलट पावसाळाभर बादली लावून दिवस काढले, म्हणून तर मला अधिकच अपराधी वाटते. काम पाहायला तुम्ही जिना चढायचा नाही, बाबा. छायाचित्रे मी मागवून घेईन.

आणखी एक सांगते, रागावू नका. भाडे थकले तेव्हा तुम्ही वरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह संध्याकाळपुरता बंद केला होता. तुमचा उद्वेग मला समजतो, पण सबळ कारणाशिवाय पाणी आणि वीज तोडण्यास कलम २९ मनाई करते, तेव्हा भाडे थकले तरी तसे करणे नको. पुन्हा तसे झाले तर व्हॉल्व्हला हात न लावता मला फोन करावा.

आई, गच्चीचा रस्ता त्यांच्या घरातून जातो आणि तुळशीला पाणी घालायला तू रोज वर जातेस. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण घरात शिरण्याआधी २४ तासांची सूचना द्यावी आणि घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, या त्यातील दोन गोष्टी मला न्याय्य वाटतात. म्हणून जादा अनामत परत करू. तुळशीची वेळ मी त्यांच्याशी ठरवली आहे, त्यामुळे तुझ्या नेमात खंड पडणार नाही. भाडे त्याच खात्यात, त्याच तारखेला जमा होईल आणि औषधे आणून देण्याचे त्यांनी आपणहून मान्य केले आहे.

बाबा, भाड्याची पावती मात्र तुम्हीच लिहावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला तुमच्या मांडीला मांडी लावून बसायचे, तुमची सही झाली की पावतीवर टीपकागद दाबण्याचा मान माझा असायचा, आणि शाई फिसकटली तरी तुम्ही कधी ओरडला नाहीत.

मंगळवारी दोघांची आधार कार्डे आणि घरपट्टीची पावती टेबलावर काढून ठेवा. बाबांच्या अंगठ्याचा ठसा हयातीच्या दाखल्याच्या वेळी उमटत नव्हता, तेव्हा आई, सोमवारपासून त्यांच्या बोटांना खोबरेल चोळ आणि नोंदणीआधी हात स्वच्छ धुवायला लाव. मी सोमवारी रात्रीच्या गाडीने निघत आहे. मी पोहोचेपर्यंत कशावरही सही करू नका.

तुमची,
छोटी