केए पासिंगची गाडी एमएच-१३ झाली आणि कंपनीच्या लेखी बिनविम्याची ठरली

होटगी रोड, सोलापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

विषय : गाडीचा नोंदणी क्रमांक बदलल्यानंतर थर्ड पार्टी विम्यावर नवा क्रमांक न चढवल्याबद्दल आणि त्यापायी बसलेल्या दंडाबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

मार्च २०२३ पासून मी आपली पॉलिसीधारक आहे. पॉलिसी क्रमांक, चासी क्रमांक आणि आजवरचा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे, म्हणून ते आकडे इथे पुन्हा लिहीत नाही. तक्रार थोडक्यात अशी : माझ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, आपण मार्च २०२६ पर्यंत उतरवला आहे, त्याचे तिन्ही वर्षांचे पैसे गाडी घेतानाच घेतले आहेत, आणि तरीही आज सोलापूरच्या रस्त्यावर माझी गाडी बिनविम्याची ठरते. गाडीची पाटी बदलली, आपल्या दप्तरात ती बदलली नाही, एवढंच याचं कारण.

गाडी मी बेंगळुरूत नोकरीला असताना घेतली. पासिंग अर्थातच तिथलं, केए. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तो घेतला. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचा मूळ हप्ता १०,६४० रुपये, वर जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, दरवर्षी आपल्याकडेच उतरवत आले. आजवर एकही क्लेम केलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये घरच्या कारणाने मी कायमची सोलापुरात परत आले आणि गाडी सोबत आणली.

आपल्या कॉल सेंटरच्या प्रतिनिधींना इथून पुढचं अनेकदा समजावून सांगावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ही हौस नव्हे, सक्ती आहे. पुण्याची एमएच-१२ गाडी सोलापूरला आणली तर नंबर तोच राहतो, आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. राज्य बदललं की पाटीच बदलते. “आमच्या पुण्याच्या कस्टमरना असा प्रॉब्लेम येत नाही मॅडम,” असं आपल्या एका प्रतिनिधीने मला ऐकवलं. येणारच नाही. त्यांचं राज्य कुठे बदललंय? सोलापूरची गोष्ट वेगळी आहे. विजयपूर, कलबुर्गी इथून हाकेवर. केए-२८ आणि केए-३२ च्या गाड्या इथल्या प्रत्येक सिग्नलला दिसतात, आणि लग्नामुळे, बदलीमुळे, धंद्यामुळे कायमच्या इकडे आलेल्यांची संख्या कमी नाही. या शहरात धंदा करणाऱ्या विमा कंपनीला हा प्रकार नवा वाटावा, याचंच मला नवल वाटतं.

(बीएच सिरीज, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर, का घेतली नाही, असंही विचारून झालं. ती सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना मिळते. माझी कंपनी त्यात बसत नव्हती.)

तर बारा महिने भरायच्या आत मी बेंगळुरूच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी आणली. सोलापुरात फॉर्म २७ भरला, गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरला. कर्नाटकात भरलेल्या लाइफटाइम टॅक्सच्या परताव्याचा अर्ज वेगळा केला आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही. गाडी निरीक्षकांसमोर नेली. त्यांनी कागदावरच्या चासी नंबरचं एकेक अक्षर बोट ठेवून गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिलं, आणि नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा अर्जाला लावून घेतला. तिथे कोणी मला विचारलं नाही की ही गाडी तीच कशावरून. सतरा अक्षर-अंकांचा तो चासी नंबर जुळला, विषय संपला. जुलै २०२५ मध्ये सोलापूरचा एमएच-१३ नंबर पडला.

नवी आरसी हातात आल्याबरोबर जुन्या आरसीची प्रत, एनओसी आणि नवी आरसी जोडून मी आपल्याकडे नंबर बदलाच्या एंडॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीवर तो बदल अधिकृतपणे नोंदवण्याचा, अर्ज केला. सांगितलेलं शुल्क भरलं. पीयूसी नव्या नंबरावर पंपावर उभ्या उभ्या मिळाली. जुना फास्टॅग बंद होऊन नवा आला. उरलं फक्त आपलं काम.

आपल्याकडून पहिली एंडॉर्समेंट आली ती एमएच-३१ ची. एमएच-३१ म्हणजे नागपूर. आकडे उलटे टाइप झाले, होतं असं, मी लगेच कळवलं. त्यावर उत्तर आलं की “आरसीप्रमाणेच नोंद केली आहे”. आरसीवर १३ हा आकडा स्वच्छ छापलेला असताना हे उत्तर ज्यांनी पाठवलं, त्यांनी आरसी उघडून पाहिली नव्हती हे उघड आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा आरसी जोडली. शेवटी दुरुस्ती झाली. पण ती फक्त चालू वर्षाच्या ओन डॅमेज पॉलिसीवर. २०२३ च्या मूळ पॉलिसीतला तीन वर्षांचा थर्ड पार्टी भाग, जो कायद्याने सक्तीचा आहे आणि जो रस्त्यावर तपासला जातो, तो आजही केए नंबरवरच आहे. त्याबद्दल विचारलं की तक्रार क्रमांक मिळतो आणि थोड्या दिवसांनी “आपली विनंती यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे” असा मेसेज येतो. काय पूर्ण झालं ते कोणी सांगत नाही.

याचा परिणाम ऑक्टोबरमध्ये भोगला. सात रस्त्याजवळ वाहतूक पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. मशीनमध्ये नंबर टाकला, तर विम्याच्या रकान्यात काहीच नाही. मी मोबाइलवर पॉलिसी दाखवली. हवालदारांनी ती नीट वाचली, पाटीकडे बघितलं, परत मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, कागद तुमचा खरा हाय, पण ह्याच्यावर केए हाय अन् पाटीवर एमएच. मशीनला दिसना झालंय. मी काय करू सांगा.” त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कलम १९६ खाली दोन हजारांचं चलन माझ्या नावावर आलं. मागच्या सीटवर माझे सासरे बसले होते. आयुष्यभर बिल शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी भरणारा माणूस. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि आल्यावर विचारलं, “विमा खरंच होता ना?”

कलम १९६ चा पहिला दंड दोन हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद, पुढच्या वेळी चार हजार. म्हणजे आपण नोंद दुरुस्त करेपर्यंत गाडी दारात उभी ठेवायची, किंवा रोज धोका पत्करून बाहेर काढायची. पॉलिसीची माहिती ‘वाहन’च्या, म्हणजे सरकारी वाहन नोंदणीच्या, यंत्रणेकडे विमा कंपनीकडून जाते. पॉलिसीधारकाला तिथे स्वतः काही भरता येत नाही. येत असतं तर मी केव्हाच भरलं असतं.

चलनाची प्रत पाठवून मी पुन्हा आपल्याकडे दाद मागितली. त्यावर जो तोडगा सुचवला गेला त्याने माझा संयम सुटला, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. फोनवर मला सांगण्यात आलं : “जुन्या पॉलिसीत सिस्टिम एडिट घेत नाहीये. तुम्ही नव्या नंबरवर एक वर्षाची थर्ड पार्टी घेऊन टाका, म्हणजे लगेच अपडेट होईल.” एक वर्षाच्या थर्ड पार्टीचा मूळ हप्ता ३,४१६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या वर. ज्या जोखमीचे पैसे आपण मार्च २०२६ पर्यंतचे आधीच घेऊन ठेवलेत, त्याच जोखमीसाठी, त्याच गाडीसाठी, त्याच कंपनीला मी दुसऱ्यांदा पैसे द्यायचे! लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून बँकेने आधीची मुदत ठेव अडकवून ठेवावी आणि नव्या नावाने दुसरी ठेव काढायला सांगावं, तसला हा प्रकार आहे. सिस्टिम एडिट घेत नसेल तर ती सिस्टिम आपली आहे. तिचा भुर्दंड मी का सोसायचा?

दंडाचे दोन हजार एक वेळ बाजूला ठेवू. उद्या या गाडीने अपघात होऊन कुणाला इजा झाली, कुणी दगावलं, तर? थर्ड पार्टी विमा त्यासाठीच सक्तीचा आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळावी, मालकाच्या ऐपतीवर ती अवलंबून राहू नये, म्हणून. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. मृत्यू आणि दुखापतीची रक्कम न्यायाधिकरण ठरवतं, ती कितीही होऊ शकते. अशा दाव्यात आपले वकील “सदर क्रमांकाचे वाहन आमच्याकडे विमा उतरवलेले नाही” असं म्हणणार नाहीत याची हमी आज माझ्याकडे नाही. फोनवर मिळालेला “काळजी करू नका मॅडम” हा दिलासा कोर्टात दाखवता येत नाही. या पॉलिसीखाली नोंदणी क्रमांक बदलूनही जबाबदारी अखंड चालू आहे, एवढं एक वाक्य मी लेखी मागितलं. तेही आजतागायत मिळालेलं नाही.

आपली पॉलिसी मी आता बारकाईने वाचली आहे. पहिल्या पानावर गाडीची ओळख म्हणून नोंदणी क्रमांकाशेजारी चासी आणि इंजिन क्रमांक छापले आहेत. गाडी शोरूममधून निघाली तेव्हा पक्का नंबर पडायचाच होता, तरी आपण पॉलिसी दिलीत. चासी नंबरवरच दिलीत! तेव्हा जो नंबर ओळख पटवायला पुरला, तो आता का पुरत नाही, याचं उत्तर मला आपल्या कोणत्याही प्रतिनिधीकडून मिळालेलं नाही.

आता माझ्या मागण्या. २०२३ च्या मूळ पॉलिसीतल्या थर्ड पार्टी भागावर एमएच-१३ चा नवा क्रमांक चढवून तशी एंडॉर्समेंट मला द्यावी, आणि ती नोंद ‘वाहन’वर दिसू लागल्यावर मला लेखी कळवावं. नुसता ‘विनंती पूर्ण’ असा मेसेज मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. जुलैपासून एंडॉर्समेंट होईपर्यंतच्या काळातही विमा अखंड होता, असं पत्र कंपनीच्या शिक्क्यानिशी द्यावं. चलन रद्द व्हावं म्हणून अर्ज करताना मला ते जोडायचं आहे. चलन रद्द झालं नाही तर ते दोन हजार आपण भरावेत. येत्या मार्चच्या नूतनीकरणात माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्के होतो. नंबर जुळत नाही या सबबीवर तो शून्यावर आणला जाणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवावं, मार्चमध्ये मला पुन्हा हेच सगळं उगाळायचं नाही. आणि जाता जाता : ओन डॅमेजच्या दरासाठी बेंगळुरू अ विभागात येतं, सोलापूर कमी दराच्या ब मध्ये. गाडी आता सोलापूरची आहे. पुढचा हप्ता काढताना हे आपण होऊन लक्षात घ्याल अशी अपेक्षा करते. जास्तीचा दर लावायचा असता तर आपल्या सिस्टिमने एव्हाना तो नक्की लावला असता.

तक्रारीचं निवारण चौदा दिवसांत करणं आपल्यावर बंधनकारक आहे. तोवर काही झालं नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवेन. त्यानंतरही समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मला खुला आहे, आणि त्यासाठी मुंबईला आपल्या मुख्यालयापर्यंत जायची गरज नाही, आयोग सोलापुरातच आहे.

कृपया या पत्राचं उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्यावं. फोन करू नये. फोनवर आपली माणसं फार गोड बोलतात, पण त्याचं पुढे काहीच होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपली,
पॉलिसीधारक
(सही)

सोबत : २०२३ ची मूळ पॉलिसी आणि चालू ओन डॅमेज पॉलिसी, जुनी व नवी आरसी, एनओसी, एमएच-३१ ची चुकीची एंडॉर्समेंट आणि तिची दुरुस्ती, एंडॉर्समेंट शुल्काची पावती, ई-चलन, ईमेल व मेसेजच्या प्रती.